आधी पाणी

साबण झाला की नाही, हे थोरली जिभेने ओळखायची. वडीचा कोपरा जिभेच्या टोकाला लावायचा आणि क्षणभर डोळे मिटायचे. चटका बसला तर सोडा अजून जिवंत आहे, वडी आणखी आठ दिवस फळीवर. नाही बसला तर कागदात. लग्न होऊन आली त्याच महिन्यात सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, तिला हे शिकवलं होतं. पंधरा वर्षांत तिची जीभ फक्त एकदा चुकली.

धाकटी या घरात आली ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं मुलांना ब्युरेट कशी धरायची ते शिकवून. पहिल्याच दिवशी थोरलीची ती जीभ बघून ती किंचाळली, "अहो वहिनी, विष आहे ते!"

"विष असतं तर तुझ्या दिराने दुसरी केली असती एव्हाना," थोरली म्हणाली, आणि त्या दिवसापासून धाकटीचं नाव पडलं मास्तरीण.

घरामागे पत्र्याची शेड होती. दोन मोठी पातेली, लाकडी साचे, वड्या कापायची तार, भिंतीला लागून फळ्याच फळ्या आणि त्यांवर वाळत पडलेला साबण. कोपऱ्यात कॉस्टिक सोड्याचा ड्रम. दारापाशी निळं पिंप, काठोकाठ पाण्याने भरलेलं, वर तरंगणारा मग. पिंप आप्पांचं. त्याचा नियमही त्यांचाच. "सोडा उडाला की विचार करायचा नाही. आधी पिंपात डोकं, मग आई आठवायची." रोज सकाळी काम सुरू करण्याआधी थोरली पिंप रिकामं करून नव्याने भरायची. साबणाचं काम करणाऱ्या घरात दुसरं काही विसरलं तरी चालतं, हे नाही.

थोरलीची जीभ चुकली ती मागच्या थंडीत. तिला ताप होता, तोंडाला चव नव्हती, आणि एका पाळणाघराकडे जायचा सगळा घाणा तिने "झालाय" म्हणून पास केला. धाकटीने आपल्या पेटीतली छोटी बाटली काढली, एका वडीवर दोन थेंब टाकले. वडी बघता बघता गडद गुलाबी झाली. दुसरी, तिसरी, सगळ्याच.

"हे काय गं?"

"फिनॉल्फ्थॅलिन. सोडा उरला असला की गुलाबी होतं. या वड्या बाळांच्या अंगाला लागल्या असत्या, वहिनी."

थोरली बराच वेळ त्या गुलाबी डागांकडे बघत राहिली. मग तिने आपण होऊन सगळ्या वड्या पुन्हा फळीवर चढवल्या. त्यानंतर धाकटीच्या थेंबाशिवाय त्या घरातून एकही वडी बाहेर गेली नाही. बाटलीचं नाव काही तिला म्हणता आलं नाही. ती नुसतं 'फिनफिन' म्हणायची. "मास्तरीणबाई, फिनफिन आणा, नवरी लाजते का बघायचंय."

दुपारी वड्या कागदात गुंडाळताना धाकटी तिला समजावायची. तेलात आम्ल दडलेलं असतं. सोडा हा अल्क. दोघं भेटले की एकमेकांची नांगी मोडतात, आणि उरतं ते एका प्रकारचं मीठ. त्यालाच आपण साबण म्हणतो.

"साबण म्हणजे मीठ? मग आज भाजीत चिमूटभर साबणच टाकते."

"वहिनी!"

"बरं बरं. म्हणजे तू आंबट आणि मी कडू. एकमेकींच्या नांग्या मोडून झाल्या, आता उरलं काय?"

"ठमी," धाकटी हसून म्हणाली.

ठमी म्हणजे धाकटीची मुलगी, सव्वा वर्षाची. जन्मली तेव्हा धाकटीचे पहिले चार महिने झोपेविना गेले होते. बाळ श्वास घेतंय ना, एवढंच ती तासन्‌तास बघत बसायची. त्या चार महिन्यांत ठमीला खांद्यावर टाकून घरभर फिरवली ती थोरलीने. तिला स्वतःला मूल नव्हतं, आणि त्याबद्दल ती कधी बोललीही नाही. ठमी आजही झोपायची ती तिच्याच खांद्यावर, उजव्या.

ठमी रांगू लागली तसा धाकटीचा जीव टांगणीला लागला. शेड म्हणजे तिला उघडी विहीर वाटू लागली. तिने दाराला गुडघाभर उंचीची फळी ठोकून घेतली, ड्रमच्या झाकणाला कडी लावली. तरी डोळ्यांसमोर तेच यायचं. मूल, सोडा, गाल, डोळा. म्हणून तिने व्हिनेगरची एक मोठी बाटली आणली, वरच्या फळीवर ठेवली, आणि सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली : 'सोडा अंगावर उडाल्यास.' ठमीच्या हाती लागलीच तर उघडू नये म्हणून झाकणाभोवती चिकटपट्टीचे चार वेढे दिले.

आप्पांनी बाटलीकडे मान वर करून पाहिलं. "पिंप आहे की."

"आप्पा, पाण्याने सोडा नुसता पातळ होतो. व्हिनेगरने मरतो. आम्ल आहे ते."

"असेल बुवा. आमचं शिक्षण चौथीचं." आप्पा परत कागद मोजायला बसले. थोरलीने मात्र त्यांना दटावलं, "आप्पा, पाळणाघराचा घाणा विसरलात का? ती म्हणते ना, मग तसंच."

धाकटीला तेव्हा एक गोष्ट आठवायला हवी होती. कॉलेजात ती स्वतःच मुलांना चंचुपात्रात थर्मामीटर धरायला लावायची, अल्कात आम्ल ओतायला सांगायची आणि पारा वर चढताना दाखवायची. "बघा, नांगी मोडताना दोघंही तापतात." हे वाक्य तिचंच. किती तापतात त्याचा आकडाही ती फळ्यावर लिहायची. पण फळ्यावरचं ते आणि फळीवरची ही बाटली यांची तिच्या डोक्यात कधी गाठच पडली नाही.

त्या सकाळी हवा दमट होती. ड्रममधल्या सोड्याचे खडे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं होतं. थोरली लोखंडी पळीने ते फोडत होती आणि तुकडे बादलीतल्या पाण्यात सोडत होती. वाफेने चष्म्याच्या काचा धुरकटल्या म्हणून तिने चष्मा कपाळावर सरकवला होता, घडीभरच. धाकटी दाराच्या फळीबाहेर ठमीला कडेवर घेऊन उभी होती. आप्पा तिच्या शेजारी बाकावर बसले होते.

"वहिनी, चष्मा," धाकटी म्हणाली.

"हा एवढा टाकते नि—"

ढेकूळ हातातून निसटलं. धप्प आवाज झाला, पाणी उसळलं.

थोरली ओरडली नाही. तिने पळी टाकली, डोळे घट्ट मिटले, आणि दोन्ही हात पुढे करून पिंपाकडे चालू लागली. न बघता. पंधरा वर्षांची वाट होती ती, तिला डोळे लागत नव्हते. चार पावलं टाकली, आणखी तीन उरली होती.

धाकटीने ठमीला आप्पांच्या मांडीवर जवळजवळ फेकलं, फळी ओलांडली आणि थोरलीचा दंड धरला. "पाणी नको! थांबा वहिनी, थांबा!"

आणि थोरली थांबली. डोळ्यात आग पेटलेली असताना, पिंप तीन पावलांवर असताना, ती धाकटीच्या शब्दावर थांबली.

बाटली पलीकडच्या भिंतीला. स्टूल ओढलं, बाटली काढली. झाकण फिरेना. नखांनी पट्टीचं टोक सापडेना. दातांनी फाडली. एक वेढा, दोन, तीन, चार. मागे थोरली एकाच सुरात म्हणत होती, "लवकर गं, लवकर गं, लवकर गं." मग धाकटीने तिची मान मागे केली, उजव्या डोळ्याची पापणी बोटांनी उघडली आणि बाटली ओतली.

तेव्हा मात्र थोरली ओरडली. आप्पा ठमीला कवटाळून उभे राहिले, "अगं पाणी! पाणी घाला पोरींनो!" ठमी रडायला लागली. बाटली अर्धी संपल्यावर, थोरली खाली बसल्यावर, धाकटीने पिंपातला मग उचलला.

नंतर कितीतरी वेळा, शेडमध्ये कोणी नसताना, धाकटीने हातात घड्याळ धरून ते सगळं पुन्हा करून पाहिलं. स्टूल, बाटली, चार वेढे, ओतणं. कधी दीड मिनिट व्हायचं, कधी पावणेदोन.

दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आल्याआल्या नळी लावून थोरलीचा डोळा धुवायला घेतला. कितीतरी वेळ नुसतं पाणी वाहत होतं. नर्सने विचारलं, "घरी पहिल्यांदा काय घातलं?" थोरली दात आवळून, पण ठसक्यात म्हणाली, "व्हिनेगर. आमची धाकटी रसायनशास्त्र शिकलीय. तिने लगेच घातलं."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. थोड्या वेळाने त्यांनी धाकटीला बाहेर खिडकीपाशी बोलावलं.

"पाण्याआधी?"

"हो."

"किती वेळ गेला त्यात?"

"दीड मिनिट. जास्तच असेल."

"तुमच्या मनात काय होतं ते कळतंय मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, हेच धाकटीला सोसवेना. "पण सोडा डोळ्यात थांबत नाही, आत उतरत जातो. सेकंदासेकंदाला. त्याला पाण्याने ढकलून बाहेर काढायचं असतं, भरपूर पाण्याने. वरून आम्ल घातलं की उष्णता होते, शिवाय आम्लाचं स्वतःचं भाजणं वेगळंच."

"मी हे शिकवायचे," धाकटी म्हणाली. "उष्णतेचं. मी शिकवायचे मुलांना."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुकसान सोड्याने किती आणि त्या दीड मिनिटाने किती, हे मला सांगता यायचं नाही. कुणालाच नाही. त्यांनी मला विचारलं तर मी खरं ते सांगेन. पण तुमच्याकडून कळलं तर बरं."

धाकटी परत आली तेव्हा बाकावर आप्पा, दीर आणि तिचा नवरा तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होते. काय म्हणाल्या, असं दिराने विचारलं. ती म्हणाली, "वेळ लागेल म्हणाल्या." आणि आप्पांनी तिचा हात हातात घेतला. "मी उगाच पाणी पाणी ओरडलो गं. अडाणी माणूस. तू होतीस म्हणून निभावलं."

तिथेच सांगायला हवं होतं. पण तोंडापर्यंत आलेलं तिने गिळलं, आणि एकदा गिळलेलं दुसऱ्यांदा वर येताना जास्त जड होतं.

आठवडे गेले. डावा डोळा बचावला. उजव्यावर दुधी पडदा आला, जुन्या काचेसारखा. त्यातून थोरलीला उजेड कळायचा, माणूस नाही. डॉक्टरीणबाईंना थोरलीने काही विचारलं नाही. तिला विचारण्यासारखं काही वाटतच नव्हतं. उलट भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तीच गोष्ट सांगायची. "मी वेड्यासारखी पिंपाकडे निघालेले. हिने धरलं म्हणून. नाहीतर दोन्ही गेले असते, दोन्ही." आणि धाकटी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहून ऐकायची. रात्री नवरा म्हणायचा, "किती वाळलीस. वहिनीला बरं वाटतंय ना आता?" ती कूस बदलायची.

तिला भीती घराबाहेर काढलं जाण्याची नव्हती. तिला दिसायचं ते एवढंच : थोरली ठमीला घ्यायला हात पुढे करते आणि अर्ध्यावर मागे घेते.

सातव्या आठवड्यात पुढच्या गल्लीतली साबणवाली भेटायला आली. तिच्याकडे तिच्या दोन्ही मुली कामाला, मोठी अठराची, लहान सोळाची. थोरलीने गोष्ट सांगितली, नेहमीपेक्षा रंगवून. साबणवालीने छातीवर हात ठेवला.

"बाई गं! आमच्याकडे तर नुसतं पिंपच आहे."

"पिंप काढून टाक म्हणत नाही मी. पण फळीवर व्हिनेगर हवं. आमची मास्तरीण तुला चिठ्ठी लिहून देईल, तिचं अक्षर छापल्यासारखं आहे. धाकटे, आण गं कागद."

धाकटी कागद घेऊन बसली. 'सोडा', एवढं लिहिलं. दोन मुलींची तोंडं तिने कधी नीट पाहिलीही नव्हती, पण आता त्या समोर उभ्या राहिल्या, हात पुढे करून चालणाऱ्या. पेन कागदावर टेकलेलंच राहिलं, शाई पसरत गेली.

"पेन बिघडलंय," ती म्हणाली. "उद्या देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर माल पोचवायला गेले. आप्पा ठमीला घेऊन अंगणात होते. थोरलीच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा औषध घालायचं असे, आणि ते ती फक्त धाकटीकडून घालून घ्यायची. ती उशीवर डोकं टेकून पडली. धाकटी बाटली हातात घेऊन शेजारी बसली, आणि तशीच बसून राहिली.

"टाक की. झोप लागली का तुला?"

"वहिनी, ती चिठ्ठी मी लिहिणार नाही."

"का? आता तुझं अक्षर महागलं?"

"व्हिनेगर घालायचं नसतं. आधी पाणी घालायचं असतं. पाणीच." आणि मग तिने सगळं सांगितलं. खिडकीपाशी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, उष्णतेचं, दीड मिनिटाचं. न रडता, भरभर, चुकलेला धडा परत म्हणून दाखवावा तसं.

थोरली उठून बसली. तिने डाव्या डोळ्याने धाकटीकडे पाहिलं. त्यासाठी तिला आता मान वळवावी लागायची.

"मी पिंपाकडेच निघाले होते."

"हो."

"पाणी पडलं असतं तर?"

"सांगता येत नाही. डॉक्टरही म्हणाल्या, कुणीच—"

"डॉक्टरीण राहू दे. तू शिकलेली आहेस. तुला काय वाटतं?"

धाकटीने खाली बघितलं. "थोडा तरी वाचला असता."

अंगणात ठमी कशाला तरी खळखळून हसली. थोरलीने तिकडे मान वळवली, परत वळवली.

"तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"हो."

"चुकीचं सोड. माझ्या हातून काय कमी घाणे बिघडले? तू घाबरलीस, मला वाचवायला धावलीस, एवढं मला त्या वेळीही कळलं होतं." तिचा आवाज अजून शांत होता. "पण सात आठवडे मी येईल त्याला तुझं कौतुक सांगत होते. आणि तू दारात उभी राहून ऐकत होतीस."

धाकटी औषधाच्या बाटलीचं झाकण फिरवत बसली.

"आप्पांनी तुझी माफी मागितली. म्हातारा माणूस. ते पण ऐकलंस."

"वहिनी—"

"दे ती बाटली इकडे." थोरलीने औषध तिच्या हातातून घेतलं, उशाशी ठेवलं, आणि पदराने तोंड पुसून उठली. चपला पायात सरकवल्या. धाकटी तिच्या मागे निघाली तशी तिने हाताने थांबवलं. गल्लीतून ती उजवा हात भिंतीला लावत लावत एकटी गेली. धाकटी ती वळेपर्यंत दारात उभी होती.

अर्ध्या तासाने ती परतली. आप्पांच्या मांडीवरून ठमीला उचललं, नेहमीसारखंच. हात अर्ध्यावर थांबला नाही. ठमीने तिच्या खांद्यावर गाल टेकला. धाकटीने ज्याची सात आठवडे धास्ती घेतली होती ते घडलंच नाही.

"सांगून आले," थोरली म्हणाली. धाकटीकडे न बघता, ठमीच्या पाठीवर थोपटत. "म्हटलं, आधी पाणी, मग पाणी, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत पाणीच. दोन्ही पोरींकडून म्हणवून घेतलं."

"माझं काय सांगितलंत?"

"तुझं नाव कशाला घेऊ? म्हटलं, मी ऐकीव गोष्टीवर विसंबले."

"वहिनी, माझ्यासाठी खोटं कशाला बोललात?"

"खोटं कुठे आहे त्यात?"

त्या दुपारी थोरलीने वड्या गुंडाळायला घेतल्या. धाकटी सवयीने पेटी घेऊन शेजारी बसली, छोटी बाटली काढली. थोरलीने तिच्या पुढ्यात दोन वड्या सरकवल्या. थेंब पडले, वड्या पांढऱ्या राहिल्या. "झाल्यात," धाकटी म्हणाली. "बरं," थोरली म्हणाली. नवरीचं कोणी काही बोललं नाही, मास्तरीण म्हणून कोणी हाक मारली नाही. कागदाची सळसळ तेवढी होत राहिली. घरात कोणाला काही वेगळं जाणवलं नसतं; दोन जावा नीट काम करत होत्या.

संध्याकाळी दीर परतले. धाकटी ठमीला भरवत होती, तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आले.

"वर बघ."

"वरच बघतेय."

"हलू नकोस गं."

"मी कुठे हलतेय? तुमचा हात हलतोय. अहो गालावर पडलं, गालावर! नाकात घालताय का औषध?"

"मग धाकटीला बोलाव ना. ती किती हलक्या हाताने घालते."

धाकटीचा घास धरलेला हात ठमीच्या तोंडाशी तसाच राहिला, आणि ठमी आ करून वाट बघत होती.

"नको," थोरलीचा आवाज आला. "तुम्हीच घाला. येईल जमायला. परत एकदा करा."